तिसरा रकाना

हानुसची बोट चुकली.
बुधवारी, मंगळवारची वेळ बघून.
पाऊण तास तो पलीकडच्या बेटावर धक्क्याशी उभा,
पिशवीत लेकीसाठी वाऱ्यावर सुकवलेलं मटण,
आणि मग त्यानं मला फोन केला, आवाज न चढवता,
म्हणून जास्त लागलं.

"तुमच्या पानावर दोन-दहा लिहिलंय."
माझ्या पडद्यावर बारा-चाळीस.
खोटं दोघांपैकी कुणीच बोलत नव्हतं.

क्लाक्सविकच्या बंदर कचेरीत
नोव्हेंबरात साडेतीनलाच दिवा लावावा लागतो.
हीटरवर माझे मोजे वाळत होते.
मी ब्राउझरची खिडकी अरुंद करत गेले
हानुसच्या फोनएवढी,
आणि तीनशे साठवर येताच
मंगळवार नाहीसा झाला.
बुधवार सरकून त्याच्या जागी बसला,
मागोमाग गुरुवार, शुक्रवार,
बाकावरचा एक उठला की बाकीचे सरकतात तसे.
खाली वेळा मात्र जागच्या हलल्या नव्हत्या.

आधी एचटीएमएल बघितलं.
ते सरळमार्गी. हे कोष्टक, ही ओळ, हा मंगळवार,
एवढंच सांगतं; कोण कसं दिसतं यात पडत नाही.
मंगळवार तिथं होता. काना-मात्रेसकट.

सर्व्हरनं पाठवलेलं बरोबर.
स्क्रिप्टही बरोबर: ती सगळे बसल्यावर उशिरा येते,
वेळा आणते, खाली एकेका खान्यात भरते,
आणि जाता जाता
ज्या खान्यावर झाकण असेल ते काढते.
वरच्या मथळ्यांकडे ती बघत नाही.
तिला कुणी सांगितलेलंच नाही.

मग राहिली सीएसएस.
एकेका नियमापुढची खूण काढत गेले.
निळा रंग गेला. ते नव्हे.
समास गेला, अक्षरं कडेला जाऊन चिकटली. तेही नव्हे.
सगळ्याला लाल चौकटी आखल्या,
पान मेंढवाड्यासारखं दिसू लागलं, कुंपणात कुंपण,
आणि त्यात एका चौकटीची रुंदी
शून्य.

ओळ तीनशे बारा.
*छोट्या पडद्यावर तिसरा रकाना लपवा.*
आणि शेवटी ते उद्गारचिन्ह, महत्त्वाचं म्हणून,
ज्याच्यापुढे नंतर आलेल्या कुणाचंच काही चालत नाही.
त्रोंदुरनं लिहिलेलं, सहा उन्हाळ्यांपूर्वी,
जेव्हा तिसरा रकाना
"सायकल नेता येईल का" असा होता.

सीएसएस वाचत नाही, मोजते.
तिसरा म्हणजे तिसरा.
तिथं सायकल आहे की मंगळवार,
तिला काय त्याचं.

आणि सायकलचा रकाना गेल्या आठवड्यात
मीच काढला होता. जागा वाचते म्हणून.
त्रोंदुर आता आल्बोर्गला असतो, त्याला कशाला कळवू?
त्या ओळीला तर कळवायचं सुचलंही नाही.

ओळ पुसली. पान पाठवलं. हानुसला फोन.
"अजून दोन-दहाच," तो म्हणाला.
त्याच्या फोननं जुनं पान जपून ठेवलं होतं,
आपली जुनी पत्रं जपावीत इतक्या मायेनं.
मी फाइलच्या नावामागचा आकडा
एक्केचाळीसचा बेचाळीस केला,
म्हणजे फोनला वाटावं, ही कुणी वेगळीच.

"हं. आता बघा."
बराच वेळ नुसता वारा ऐकू येत होता.
"आला मंगळवार," तो म्हणाला.
"एक दिवस उशिरा."

पुढची बोट पाच-वीसला, मी सांगितलं.
आता पानावरसुद्धा तेच आहे.
"पान राहू दे," तो म्हणाला, "दिवे दिसतील तेव्हा उठेन."
आणि मटण?
त्यातलं निम्मं त्यानं
धक्क्यावर बसून
सुरीनं कापून खाल्लं होतं.